ओकच्या छोट्या टेबलाचा पाट: जोडणी, काळे डाग आणि पॉलिश

प्रश्न

पलंगाशेजारी ठेवता येतील अशी पांढऱ्या ओकची दोन छोटी टेबले मी हाताने बनवत आहे. पाय ४० मिमी चौरस आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या २० मिमी जाड आहेत. सर्व सांधे मॉर्टिस-टेननचे (एका लाकडातील खाचेत दुसऱ्याची जीभ बसवण्याच्या पद्धतीचे) असून ते घट्ट बसले आहेत. वरचा पाट फळ्या कडेला कड चिकटवून तयार केला असून तो ५०० मिमी लांब आणि ४०० मिमी रुंद आहे. हा पाट पट्ट्यांमधून खालून थेट स्क्रू मारून पक्का केला तर चालेल का? दुसरे असे की, चिकटवताना जिथे लोखंडी क्लॅम्प (फळ्या आवळून धरणारा शिकंजा) ओल्या सरसाला टेकला होता, तिथे निळसर काळे डाग उमटले आहेत आणि ते घासूनही जात नाहीत. शेवटचा प्रश्न पॉलिशचा: टेबलावर पाण्याचे पेले रोज ठेवले जातील, तरीही लाकडाचा मूळ फिकट रंग शक्य तितका टिकावा अशी इच्छा आहे.

प्रतिसाद १

पाट थेट स्क्रूने आवळू नका, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. हवेतील दमटपणानुसार लाकूड त्याच्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. लांबीच्या दिशेने मात्र हा फरक नगण्य असतो. तुमच्या फळ्या सपाट चिरलेल्या असतील आणि लाकडातील ओलावा ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला, तर ४०० मिमी रुंदीचा पाट जवळपास ६ मिमी रुंदावेल. फळ्या खोडाच्या त्रिज्येच्या दिशेने चिरलेल्या असतील, म्हणजे पृष्ठावर चकाकणारे आडवे पट्टे दिसत असतील, तर हा फरक साधारण निम्मा होतो, पण नाहीसा होत नाही. चारही बाजूंनी जखडलेल्या पाटाला ही हालचाल करायला जागाच उरत नाही, आणि मग एक तर पाट चिरतो किंवा चौकटीचे सांधे उचकटतात.

त्याऐवजी पट्ट्यांच्या आतील बाजूस, वरच्या कडेपासून थोडे खाली, खाचा पाडा आणि त्यांत जीभ शिरेल असे छोटे लाकडी ठोकळे बनवून ते पाटाला खालून स्क्रूने बसवा. लांब पट्ट्या पाटाच्या रेषांना समांतर असतील, तर तिथे ठोकळा आणि पट्टी यांच्यामध्ये थोडी फट राहू द्या, म्हणजे जीभ खाचेत आत-बाहेर सरकेल. आखूड पट्ट्यांवर ठोकळा कडेने सरकतो, म्हणून तिथली खाच ठोकळ्यापेक्षा लांब हवी. या पट्ट्यांच्या मध्यावर मात्र पाट एकेका स्क्रूने पक्का केला तरी चालतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंना सारखाच पसरतो. ठोकळ्याच्या जिभेची जाडी खाचेपेक्षा किंचित कमी आणि तिची पातळी अशी ठेवा की स्क्रू आवळल्यावर पाट चौकटीवर खाली ओढला जाईल.

पॉलिश केल्याने लाकूड हलायचे थांबेल, असे मानू नका. पॉलिश ओलाव्याची ये-जा केवळ मंदावते, आणि म्हणूनच पाटाच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्यावेत.

प्रतिसाद २

डागांचे कारण ओकमधील टॅनिन हे नैसर्गिक तुरट द्रव्य आहे. ओल असताना लोखंड त्याच्या संपर्कात आले की काळा संयुग तयार होतो आणि तो तंतूंमध्ये खोलवर मुरतो, त्यामुळे घासणे पुरत नाही. ऑक्झॅलिक आम्ल पाण्यात विरघळवून पाटाच्या संपूर्ण पृष्ठाला लावा. केवळ डागावर लावल्यास तेवढाच भाग फिकट दिसतो. डाग गेल्यावर पाट स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण वाळू द्या. हे आम्ल विषारी आहे, तेव्हा हातमोजे वापरा आणि नंतर घासताना त्याची धूळ नाकात जाणार नाही याची नीट काळजी घ्या. यापुढे क्लॅम्पखाली मेणकागद ठेवा, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा, आणि ओकवर लोखंडी तारेची लोकर अजिबात फिरवू नका, कारण तिचे बारीक तुकडे छिद्रांत अडकून पुढे ठिपके बनतात.

फिकट रंग टिकवायचा असेल, तर जवसाचे तेल टाळा. ते ओकला पिवळसर करते आणि पाण्याच्या पेल्यांपुढे फारसे टिकतही नाही. पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन (एक प्रकारचे वार्निश) लाकडाचा रंग कमीत कमी बदलते. मात्र त्यातील पाण्याने तंतू उभे राहतात आणि टॅनिन वर येऊ शकते, म्हणून आधी १८० क्रमांकाच्या सँडपेपरपर्यंत घासून पाट ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर हलके घासा, आणि मग मेण काढलेल्या फिकट लाखेचा एक पातळ हात देऊन त्यावर पॉलियुरेथेनचे तीन हात द्या. हे सर्व आधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहा.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ठोकळ्यांची पद्धत आणि डागांवरील उपाय स्पष्ट झाला. पॉलिशपूर्वी ओकची छिद्रे भरून घ्यावीत का?

प्रतिसाद २

माझ्या मते नको. आरशासारखा गुळगुळीत पाट हवा असेल तरच भरण लागते; एरवी ती छिद्रे हीच ओकची ओळख आहे, आणि पातळ हात दिल्यास ती उघडी राहूनही पाट पाण्यापासून सुरक्षित राहतो.

प्रतिसाद ३

पायांना आणि चौकटीला तेल लावायचे ठरवलेच, तर एक गोष्ट कृपया विसरू नका. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून ढिगात टाकल्यास वाळताना निर्माण होणारी उष्णता आतच साठते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत एकेरी पसरून वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.