भातखंडे वाचायचे, पण कुठून?

'नुसते ऐकणाऱ्याला भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचा काय उपयोग?' या प्रश्नावर थोडी भर. (पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांतल्या बंदिशी, म्हणजे बांधलेल्या गीतरचना, स्वरलिपीत लिहून छापलेली ही मालिका.) उपयोग आहे, पण सहाही भाग एकदम आणू नका. दुसरा भाग घ्या. त्यात कल्याण, भैरव, तोडीसारखे दहा थाटांचे (थाट म्हणजे रागांचे स्वरांवरून केलेले गट) दहा राग आहेत. त्यातली मध्यम गतीची, सोळा मात्रांच्या तीनतालातली एक बंदिश निवडून ध्वनिमुद्रणासोबत बोट ठेवून वाचा. सम (तालाची पहिली मात्रा) × आणि खाली (टाळी न देता हात फिरवायची जागा) ० या खुणेने दाखवलेली असते, त्यामुळे चुकलात तरी पुढच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीत, धागा सापडतो. विलंबितापासून, म्हणजे संथ लयीतल्या बंदिशींपासून, सुरुवात नको. तिथे गायक छापील मात्रांपासून इतका सैल जातो की पुस्तक मिटावेसेच वाटते.

घोळ होतो तो दोन स्वरलिप्या मिसळल्या की: एक भातखंड्यांची, दुसरी पं. विष्णु दिगंबर पलुसकरांची. भातखंडे पद्धतीत स्वरावर टिंब म्हणजे तारसप्तक (वरचे), पलुसकर पद्धतीत तेच टिंब मंद्राचे (खालच्या सप्तकाचे). 'म'वरची उभी रेघ भातखंड्यांकडे तीव्र (चढा मध्यम), पलुसकरांकडे तार! म्हणून आधी चिन्हपरिचयाचे पान बघा. आणि कंसातला (प) म्हणजे धपमप, एकटा पंचम नव्हे.

शास्त्रचर्चा हवी असेल तर 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'चे चार खंड आहेत, मुळात मराठीतच. प्रश्नोत्तरांमुळे वाचनीय, पण पाल्हाळ भरपूर. ऐकत असलेल्या रागापुरतेच उघडा.