मदत हवी आहे: हेडलाईटचा ॲडजस्टर आतून तुटलाय, घरी दुरुस्ती जमेल का?

मांजराकाठ:

नमस्कार मंडळी. गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे, हे मॉडेल आता निघत नाही. ड्रायव्हरकडच्या हेडलाईटचा फोकस खाली पडलाय. लो बीमचा उजेड बंपरच्या पुढंच जमिनीवर पडतो आणि रस्ता जरा खराब लागला की थरथरतो. बॉनेट उघडून डूमच्या (काचेसकट हेडलाईटचा पूर्ण डबा) मागचा फोकस सेट करायचा स्क्रू फिरवला तर तो मोकळाच फिरतो, भिंतीवरचा उजेड जागचा हलत नाही.

एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी उजव्याला हात न लावता डावा फोकस वर उचलून दिला, म्हणजे कमी पडलेला उजेड भरून निघेल. तेव्हापासून समोरचा जो तो डिपर मारायलाय. मला हा उपाय अजिबात पटलेला नाही. दुसरीकडं सांगितलं की आतला ॲडजस्टर सुटा मिळत नाही, पूर्ण डूमच बदला. मूळ कंपनीचा डूम आता मिळत नाही. बाजारात जो मिळतो त्याची काच बघूनच मन धजलं नाही, उजेडाची कड धड सरळ पडत नव्हती.

नोकरी लातूरला, घर केजच्या बाजूला. अंबाजोगाईवरून रात्रीचं यावं लागतं. कारखाने सुरू झाले की या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागं लाल दिवा नाही की रेडियमची पट्टी नाही. मधेच बैलगाड्या. फोकस खाली असला तर ट्रॉली फार जवळ आल्यावर दिसते. आणि फोकस वर असला तर समोरून येणारा मोटारसायकलवाला आंधळा होऊन खचलेल्या साइडपट्टीवर उतरतो. बहुतेक वेळा त्याच्या मागं बायको-लेकरं बसलेली असतात. म्हणून मला फक्त उजेड वाढवून नकोय, फोकस बरोबर जागी बसवायचाय.

हाताला थोडंफार काम येतं. पाने, पेचकस, मल्टिमीटर घरात आहे. विचारायचं असं की नेमकं काय तुटलंय हे डूम न उघडता कसं ओळखायचं? अराल्डाईट (इपॉक्सी गोंद) लावून जमतं का? आणि दुरुस्तीनंतर मशीन नसताना घरच्या घरी फोकस कसा सेट करायचा?

परभणीचा फिटर:

भाऊ, आधी ही दोन कामं करा. उजेड बंद, बल्ब गार. बाहेरून काचेवर दोन्ही तळवे ठेवून डूम हलवून बघा. सगळा डूमच हलत असेल तर ॲडजस्टर ठीक आहे, डूमला बॉडीशी धरणारे कान तुटलेत. ते काम सोपं आहे. डूम घट्ट असेल तर मागचं रबरी बूट (टोपण) काढा, बल्बचा कपलर (वायरचा प्लग) काढा आणि बल्ब जिथं बसतो तो होल्डर बोटानं हळूच हलवा. आतला चकचकीत रिफ्लेक्टर खडखड वाजत हलला तर बिघाड आतच आहे.

आतली रचना सांगतो. रिफ्लेक्टर तीन ठिकाणी धरलेला असतो. एक जागा नुसती फिरती, तिथं सेटिंग नाही. बाकी दोन ठिकाणी स्क्रू: एकानं उजेड वर-खाली, दुसऱ्यानं डावी-उजवीकडं. स्क्रूच्या टोकाला गोल बॉल असतो आणि तो रिफ्लेक्टरच्या मागच्या प्लास्टिकच्या वाटीत दाबून बसवलेला असतो. वाटी नायलॉनची. हॅलोजन बल्ब तासन् तास तापतो, वरून आपल्याकडचा उन्हाळा, त्यात ती वाटी कडक होऊन तडकते. मग बॉल निसटतो. स्क्रू फिरतो, बॉल पुढं-मागं होतो, पण त्याला धरणारंच काही उरलेलं नसतं.

डॅशबोर्डवर ० ते ३ असं लिहिलेलं फोकसचं चाक आहे का? असेल तर ते फिरवताना डूमजवळ मोटरचा बारीक आवाज येतो का बघा. ज्याला मोटर असते त्यात वर-खालीचा बॉल बहुधा मोटरच्याच दांड्यावर असतो, मग प्रकरण वेगळं.

मांजराकाठ:

काका, सांगितलं तसं केलं. डूम घट्ट आहे, रिफ्लेक्टर हलतोय. चाक नाही, मोटर नाही. मोबाईलचा टॉर्च बल्बच्या भोकातून आत मारला तर वरच्या कोपऱ्यात पांढरी वाटी दिसली, तिची एक बाजू उडालेली. बॉल तिच्या शेजारी नुसता टेकून उभा आहे. तुटलेला तुकडा डूमच्या तळाशी पडलाय. म्हणजे तुम्ही म्हणता तेच. आता तो तुकडा काढून चिकटवू का?

नांदेडची ताई:

थांबा, चिकटवू नका. मी तंत्रनिकेतनात शिकवते, प्लास्टिक हा रोजचा विषय आहे.

तुकडा बाहेर काढा आणि भिंगाखाली बघा. अशा भागांवर बहुतेक वेळा बारीक अक्षरांत प्लास्टिकचा प्रकार कोरलेला असतो. पीए म्हणजे नायलॉन, पीओएम म्हणजे ॲसिटल, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एबीएस हे आणखी एक टणक प्लास्टिक. एबीएस असेल तर खरवडून लावलेलं इपॉक्सी छान धरतं. पीपी आणि पीओएमला साधा गोंद धरतच नाही, नखानं सालपट निघावं तसा सुटतो. नायलॉनला थोडा धरतो, पण इथं वाटीनं बॉल दाबून धरायचाय आणि गाडी खड्ड्यातून गेली की दर वेळी धक्का त्याच सांध्यावर येणार. टिकणार नाही. पाच मिनिटांत वाळणारी इपॉक्सी तर उष्णतेनं लवकर मऊ पडते. ग्लू गनचा गरम गोंद त्याहून लवकर.

आणि फेविक्विकच्या जातीचा गोंद डूमच्या आत अजिबात नेऊ नका. तो वाळताना जी वाफ निघते ती बंद जागेत रिफ्लेक्टरवर आणि काचेच्या आतून पांढऱ्या धुक्यासारखी बसते. रिफ्लेक्टरवरचा चकचकीत थर ॲल्युमिनियमचा असतो आणि इतका पातळ की कापडानं पुसला तरी निघून येतो. एकदा तो गेला की फोकस कितीही नीट सेट करा, उजेड मेलेलाच. म्हणून बोटसुद्धा लावू नका. काच बहुधा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते, तिला थिनर किंवा ॲसिटोन लागलं की बारीक तडे पडतात.

धाराशिवकर:

मी तर म्हणतो काच उघडा. हीट गननं कडेचं काळं सील गरम केलं की चिकट होतं आणि काच हळूहळू निघते. आत दोन्ही हात जातील, काम निवांत होईल.

परभणीचा फिटर:

धाराशिवकर दादा, तुमचं खरं आहे, पण फक्त मऊ ब्युटाइलचं (चिकट रबराचं) सील असेल तर. काही डूमला कडक गोंद असतो, ती काच गरम करूनही निघत नाही, तुटते. आणि निघाली तरी परत बसवताना जुनं सील पूर्ण साफ करून नवी ब्युटाइल पट्टी एकसारखी नाही बसली तर पहिल्याच पावसात आत पाणी. माझं मत असं की बल्बच्या भोकातून काम होत असेल तर काचेला हात लावू नये. भाऊंची वाटी भोकातून दिसतेय, म्हणजे लांब चोचीचा पक्कड पोचेल.

भाऊ, आता वाटी मिळवायचं सांगतो. जुन्या गाड्या तोडणाऱ्या भंगारवाल्याकडं जा आणि तुमच्याच मॉडेलचा, काच फुटलेला डूम मागा. काच फुटलेला डूम कुणाला नको असतो, स्वस्तात देतात. त्यातला रिफ्लेक्टर सोडवला की अखंड वाट्या मिळतील, कधी स्क्रूसुद्धा. डावा-उजवा बघत बसू नका, पुष्कळदा वाटी एकच असते. तरी व्हर्निअरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) बॉलची जाडी मोजून घ्या. अर्धा मिलिमीटर मोठी वाटी घेतली तर परत खडखड, लहान घेतली तर बसवताना तडकेल.

नांदेडची ताई:

यात माझी एक भर. भंगारातली वाटीही जुनीच, वाळलेली असणार. नायलॉन पाणी शोषतं आणि पाणी शोषलं की त्याचा ठिसूळपणा कमी होतो. वाटी उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवा, कोमट असतानाच बसवा. कोरडी, गार वाटी बॉलवर दाबली तर डोळ्यांदेखत फुटू शकते.

मांजराकाठ:

ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं, फार उपयोगी पडलं. तुकड्यावर पीए कोरलेलं निघालं, म्हणजे नायलॉनच.

अंबाजोगाईत एका भंगारवाल्याकडं आपल्याच मॉडेलचा फुटका डूम मिळाला. बॅटरीची निगेटिव्ह काढली, बंपरचा कोपरा सैल केला, १० नंबरच्या पान्यानं डूमचे बोल्ट काढून डूम टेबलावर घेतला. वाटी रिफ्लेक्टरच्या मागच्या खाचेत सरकवून बसते, गोंद लागतच नाही. जुन्या वाटीचा उरलेला भाग पकडीनं ओढला तसा सरळ बाहेर आला. नवी वाटी खाचेत गेलीय, पण बॉल काही वाटीत शिरंना. दाबायला गेलं की रिफ्लेक्टरच मागं सरकतो. जोर लावायची भीती वाटायलीय.

परभणीचा फिटर:

जोर लावूच नका. स्क्रू उलटा फिरवत बॉल वाटीच्या तोंडाशी अगदी सरळ आणा. मग बल्बच्या भोकाची कड दोन बोटांनी धरून रिफ्लेक्टर स्वतःकडं ओढा, आतल्या चकचकीत बाजूला बोट जाऊ देऊ नका. ओढून धरलेलं असतानाच स्क्रूवर मागून दाब द्या. टक् असा आवाज आला म्हणजे बसला. मोटरवाल्या गाडीतही मोटर अशीच बसवतात. बसल्यावर स्क्रू सावकाश फिरवून बघा, रिफ्लेक्टर त्याच्यासोबत झुकला पाहिजे.

बल्ब परत लावताना काचेच्या भागाला बोट लावू नका, बोटांच्या तेलामुळं हॅलोजनची काच त्या जागी जास्त तापते. आणि बल्ब ६०/५५ वॅटचाच ठेवा. १०० वॅटचे टाकून लोकांनी होल्डर वितळवलेले मी बघतो. तुमची नवी वाटीही तशीच जाईल.

मांजराकाठ:

बसला! आता रिफ्लेक्टर घट्ट आहे आणि स्क्रू फिरवला की उजेड वर-खाली होतो. राहिलं फोकस सेट करायचं. डावाही गॅरेजवाल्यानं उचललेला आहे, म्हणजे दोन्ही करावे लागतील.

धाराशिवकर:

हे मी सांगतो, घरी नेहमी असंच करतो. सपाट जागा पाहिजे, समोर भिंत. शाळेचं किंवा मंगल कार्यालयाचं फरशीचं आवार चालतं, अंगणातली माती चालत नाही. चारही टायरची हवा बरोबर करून घ्या, डिकीतलं ओझं काढा, ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवा. ज्यांच्या डॅशबोर्डवर फोकसचं चाक आहे त्यांनी ते ० वर ठेवावं.

आधी गाडी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि दोन्ही बल्बच्या मध्यासमोर खडूनं खुणा करा. मग सरळ मागं येऊन हेडलाईट भिंतीपासून ५ मीटरवर ठेवा. खुणांच्या ५ सेंटिमीटर खाली एक आडवी रेघ मारा. हा झाला एक टक्का उतार. तुमच्या डूमवर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर हेडलाईटच्या चिन्हाशेजारी वेगळी टक्केवारी असेल तर ती घ्या, १.२ टक्के असेल तर ६ सेंटिमीटर.

लो बीम लावा. एका वेळी एकच बाजू बघायची. दुसरीचा कपलर काढून ठेवा, कापड टाकून झाकू नका, तापतं. आपल्याकडं गाडी डाव्या बाजूनं चालते म्हणून उजेडाची वरची कड उजवीकडं आडवी सपाट असते आणि डावीकडं वर चढत जाते, म्हणजे कडेची माणसं, दगड, पाट्या दिसाव्यात. सपाट कड रेघेवर आणा, आणि चढ जिथून सुरू होतो तो कोपरा बल्बच्या खुणेच्या बरोबर खाली. शेवटचा फेर नेहमी स्क्रू आवळण्याच्या दिशेनं संपवा, म्हणजे आट्यांत ढिलाई राहत नाही.

नियमही माहीत असू द्या. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपणार नाही इतका प्रकाश कायम खाली झुकलेला किंवा ड्रायव्हरला खाली झुकवता येणारा हवा. भिंतीचं काम झालं की एकाला त्या जागी उभं करून विचारा.

मांजराकाठ:

दादा, गावातल्या शाळेच्या आवारात केलं. डावा फोकस भिंतीवर माझ्या छातीच्याही वर जात होता, समोरचे डिपर का मारत होते ते तिथंच दिसलं. दोन्ही रेघेवर आणले. भावाला आठ मीटरवर उभं केलं, तो म्हणाला आता गाडीचा नंबर वाचता येतो.

काल रात्री लातूरहून आलो. एकानंही डिपर मारला नाही. लोखंडी सावरगावच्या पुढं उसाची ट्रॉली होती, दिवा नव्हताच, पण मोळ्यांची टोकं लांबूनच दिसली आणि निवांत ब्रेक लागला. खड्ड्यातही उजेड थरथरला नाही.

फिटर काका, नांदेडची ताई, धाराशिवकर दादा, मनापासून आभार. भंगारातून आणलेल्या डूममध्ये अजून एक अखंड वाटी उरलीय. डाव्या बाजूची वाटीही याच वयाची आहे, तीही आत्ताच बदलून टाकू का?

परभणीचा फिटर:

चांगली चालतेय तोवर हात लावू नका, काढतानाच तुटायची. उरलेली वाटी पिशवीत घालून गाडीत ठेवा. आठवडाभर गाडी चालवली की उजवा फोकस परत एकदा भिंतीवर बघा, नवी वाटी थोडी बसते. रेघ पुसली नसेल तर पाच मिनिटांचं काम आहे.