मदत हवी आहे: १४ वर्षं उभी असलेली जुनी गाडी, टाकी साफ करू की नवीन टाकू?

नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग), चार सिलिंडर, १४ वर्षं कव्हरखाली उभी होती. इंजिन हाताने फिरवून बघितलं, जाम नाहीये. मग उतावळेपणा नडला. कार्ब्युरेटर खोलून साफ केला, टाकीतलं जुनं पेट्रोल न काढताच वरून पाच लिटर ताजं ओतलं (हो, माहितीये, घाला शिव्या) आणि सेल्फ मारला. चालू झाली की! दहा मिनिटं मस्त चालली, मग आचके देत बंद.

पेट्रोलचा फिल्टर बघतो तर आत विटेची पूड भरल्यासारखं. नवा टाकला, परत दहा मिनिटं, परत तेच, असे तीन फिल्टर झाले. शेवटी ड्रेन प्लग काढला, तर जे बाहेर आलं त्याला पेट्रोल म्हणवत नाही, काळपट, चिकट, वास थेट जुन्या व्हार्निशचा आणि तळाला पाण्याचा वेगळा थर.

आता ओळखीचा एक वेल्डर म्हणतोय टाकी कापू, आतून घासू, परत वेल्ड मारू. दुसरा म्हणतो आतून कोटिंगचं लिक्विड फिरव, काम झालं. आणि माझ्याकडे इंजेक्शनवाल्या गाडीचा एक इलेक्ट्रिक पंप पडलाय, तो लावून जुना मेकॅनिकल पंप काढून टाकला तर चालेल का? कोणी केलंय का हे?

प्रतिसाद १
दादा, आधी वेल्डरला नाही म्हणा. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि भडका वाफेचाच उडतो. तो इंजेक्शनचा पंप पण राहू दे, तो ४० पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास दाब देतो, कार्ब्युरेटरला ३ ते ५ पुरतो, त्यातला नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत येणं थांबवणारी सुई) एवढा दाब धरणारच नाही आणि पेट्रोल इंजिनवर सांडेल.

टाकी खाली उतरवा, आत मूठभर नट टाकून हलवा, मग सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवा. नंतर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा, नाहीतर तासाभरात परत गंजाची तांबूस झाक येते. धुतल्यावर अंधारात नेऊन आत एलईडी टॉर्च सोडा. बाहेर एक जरी ठिपका चमकला तर नवीन टाका, नसेल तर हीच चांगली. कोटिंग मी केलं होतं, आत तेलाचा अंश राहिला असणार, वर्षभरात पापुद्रे सुटून पिकअपची (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या नळीची) जाळी बंद.

रबरी पाइप सगळे बदला, इथेनॉलवाल्या पेट्रोलला चालतील असेच घ्या, जुनं रबर त्यात फुगतं आणि आतून सुटतं. जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तार घालू नका, भोक मोठं होतं, मासे पकडायची नायलॉनची दोरी वापरा.

प्रतिसाद २
फिल्टरमधली पूड कागदावर वाळवून खालून लोहचुंबक फिरवा. पूड मागे मागे आली तर टाकीचा गंज, न हलणारे काळे तुकडे असतील तर पाइपचं रबर. अजून एक, गाडी बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडा, हुस्स आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक पण बुजलंय.

आणि सगळ्यात आधी डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून वास घ्या. १४ वर्षं सुकलेला पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ढकलणारा लवचिक पडदा) फाटला की पेट्रोल सरळ ऑइलमध्ये उतरतं, तसं इंजिन चालवलं तर बेअरिंग गेलेच म्हणून समजा.

धागाकर्ता
आत्ताच जाऊन बघितलं. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे, पाण्यासारखं पातळ, आणि पेट्रोलचा वास डिपस्टिक नाकाजवळ न्यायच्या आधीच येतोय. हे सगळं त्या दहा-दहा मिनिटांत झालं असावं. बॅटरीची वायर काढून ठेवलीये, ऑइल काढून टाकतो, ऑइल फिल्टर बदलतो, उद्या पंप खोलतो. डायफ्रामचं किट वेगळं मिळतं का पूर्ण पंपच घ्यावा लागतो?