मदत हवी आहे: हिमाचल सहलीच्या ८ रात्रींसाठी पॅकिंग ऑर्गनायझर घ्यावेत का?

खांडेपारकाठ

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आम्ही चौघं निघतोय: आम्ही दोघं, १२ वर्षांची लेक आणि सासूबाई. गोव्यातल्या मोपाहून विमानानं दिल्ली, तिथून रेल्वेनं अमृतसर, पुढे भाड्याची गाडी. मुक्काम असे: अमृतसर १ रात्र, धर्मशाळा २, मंडी १, मनाली ३, चंदीगड १. म्हणजे ८ रात्रींत ५ वेळा बॅगा उघडायच्या आणि ५ वेळा भरायच्या.

तिकिटावर माणशी चेक-इन १५ किलो आणि हातात ७ किलो. बॅगा घरच्याच: दोन २४ इंची कडक ट्रॉली, एक कापडी डफल आणि लेकीची पाठपिशवी. ट्रॉली आतून मोजून घेतली. ६० × ४० सेमी, मुठीच्या बाजूचा अर्धा भाग ११ सेमी खोल, दुसरा १२.

बघून ठेवलेला ऑर्गनायझरचा सेट सहा नगांचा आहे, म्हणजे कपडे लावून बॅगेत ठेवायच्या चेनवाल्या चौकोनी कापडी पिशव्या. मोठा ४० × ३० × १२, मधला ३० × ३० × १२, छोटा ३० × २० × १२ आणि तीन पातळ पाऊच. याच किमतीच्या आसपास दोन चेनवाले, दाबून बसवायचे म्हणजे कॉम्प्रेशनचेही मिळतायत. कुठले घ्यावेत? की हा नुसताच खर्च? सासूबाईंच्या चार साड्या आहेत, त्यांचं काय करायचं? आणि चंदीगडच्या नातेवाइकांसाठी कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या न्यायच्यात, त्याचीही धास्ती आहे.

रापण

ताई, मापं दिलीत ते बरं झालं. निम्मं उत्तर त्यातच आहे.

ऑर्गनायझर घेतल्यानं सामान कमी होत नाही, शोधाशोध कमी होते. सहा नगांचा सेट स्वतःच ३०० ते ५०० ग्रॅम भरतो, तो तुमच्या १५ किलोंतूनच जाणार. एकाच हॉटेलात आठ रात्री असत्या तर घेऊ नका म्हटलं असतं, कारण तिथे पहिल्या दिवशी सगळं कपाटात लागतं. पाच ठिकाणं असताना घ्याच.

पण हा सेट घेऊ नका. ६० × ४० च्या तळात ४० × ३० चे दोन नग आडवे टाकले की तळ तंतोतंत भरतो. एक ४० × ३० आणि दोन ३० × २० लावले तरी भरतो. गडबड करतो तो मधला, ३० × ३० वाला. मोठ्याशेजारी तो ठेवला की ३० × १० ची पट्टी रिकामी राहते, तिथे मोजे कोंबले जातात आणि मग मोजे शोधायला बॅग उपसावी लागते. सुटे मिळत असतील तर मोठे चार, छोटे दोन घ्या. खोलीही बघा. १२ सेमीचा गच्च भरलेला नग ११ सेमीच्या भागात बसत नाही, झाकण वर उचलतं आणि सगळा ताण बिजागरी नि चेनवर येतो. १० सेमी खोलीचे घ्या.

मुठीच्या बाजूला तळात दोन दांड्यांचे उंचवटे असतात. त्यांच्यामधल्या खाचेत आधी मोजे, बनियन, मफलर असं मऊसूत अंथरून पातळी एकसारखी करायची आणि त्यावर नग ठेवायचे. थेट ठेवले तर ते डुगडुगतात आणि बॅग उभी केली की खाली सरकून एका बाजूला गोळा होतात.

वळकटी

रापणदादांच्या मापांना अनुमोदन. कॉम्प्रेशनबद्दल थोडं.

दुसरी चेन लावली की निघते ती फक्त कपड्यातली हवा. ज्यात हवा जास्त, तिथे फरक दिसतो: पिसांची किंवा पोकळ तंतूंची जाकिटं, लोकरी स्वेटर, फ्लीस. जाकिटाचा ढीग निम्म्याहून कमी होतो. जीन्स आणि सुती टी-शर्टमध्ये हवाच थोडी, तिथे चार सुरकुत्या जास्त पडतात, बाकी काही हाती लागत नाही. म्हणून असे दोनच नग घ्या, चौघांच्या गरम कपड्यांसाठी. बाकी साधे.

खरी फसगत पुढे आहे. दाबल्यामुळे बॅगेत जागा दिसते, जागा दिसली की आणखी दोन जीन्स जातात, एकेक जीन्स ६००-७०० ग्रॅम. बॅग सहज बंद होते आणि काट्यावर १७ किलो निघते. मोपाच्या काउंटरसमोर बॅग उघडून बसण्यापेक्षा घरीच वजन करा. लटकता काटा नसेल तर बॅग हातात घेऊन साध्या वजनकाट्यावर उभं राहा, मग बॅगेशिवाय, आणि वजाबाकी करा. १४ किलोला थांबा. परतीला अमृतसरच्या पापड-वड्या नि कुलूच्या शाली असणारच.

कॉम्प्रेशनचा नग भरताना कपड्यांच्या गुंडाळ्या करू नका. गुंडाळ्यांमुळे मधे फुगवटा येतो, नग टम्म फुगलेल्या पुरीसारखा होतो आणि कडेच्या जागा फुकट जातात. सपाट घड्या, नगाच्या मापाच्या, कोपऱ्यापर्यंत. आधी बाहेरची चेन पूर्ण लावायची. मग तळव्यानं मधून कडेकडे दाबत हवा काढायची, कोपऱ्यावर थांबून आतलं कापड बोटानं आत सारायचं आणि दुसरी चेन टप्प्याटप्प्यानं ओढायची. एका दमात ओढली की कापड दातांत अडकतं किंवा रनरच्या मागे चेन उसवते. उसवली तर घाबरू नका. रनर सुरुवातीला नेऊन परत पुढे आणा. पुन्हा उसवली तर रनर सैल झालाय. पकडीनं त्याच्या दोन्ही कडा अगदी हलकेच दाबा, जास्त दाबला तर तो जाम होतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत रनर तसेही जड होतात, दातांवर मेणबत्ती घासून ठेवा.

जाकिटं मनालीला पोचल्यावर लगेच बाहेर काढून झटका. घरी आल्यावर दाबलेल्या नगात ठेवू नका. पिसं दबली की ऊब जाते, कारण ऊब पिसांमध्ये अडकलेल्या हवेची असते.

आंबोशी

साड्या दाबायच्या नगात घालायच्या नाहीत, एवढं आधी. जरीच्या साडीला एकाच घडीवर ताण आला की तिथली जर मोडते आणि ती रेघ परत जात नाही. ट्रॉलीच्या १२ सेमीच्या भागात, तळाला, चारही साड्या एकावर एक सपाट ठेवा. घडी ४० × ३० ची करा, प्रत्येक घडीत मलमलचं पातळ फडकं, वरून सुती आच्छादन. त्यावर हलके कपड्यांचे नग. बॅग उभी राहिली की वजन खाली येतं, म्हणून बूट चाकांच्या बाजूला, साड्या मुठीकडच्या टोकाला.

आगळाचं सांगते. विमानाच्या पोटातही हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी होतो, बाटलीतली हवा फुगते आणि बुचाखालून वाट काढते. बाटली काठोकाठ भरू नका, दोन बोटं रिकामी ठेवा. मऊ प्लॅस्टिकची असेल तर थोडी दाबून हवा काढा आणि मग बूच लावा. बुचाखाली प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा, बुचावर टेप, मग चेनच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळून डफलच्या मध्यभागी. साड्यांच्या ट्रॉलीत अजिबात नको. आगळाचा डाग रेशमावर बसला की विषय संपला.

खांडेपारकाठ

खूप उपयोगी. एक प्रश्न राहिला: माणसागणिक नग करावेत की कपड्यांच्या प्रकारागणिक?

रापण

मोठे नग माणसागणिक, प्रत्येकाचा एक. प्रत्येकाचा रंग वेगळा किंवा पकडीला वेगळ्या रंगाची दोरी. शर्ट एकात, पँटी दुसऱ्यात असं केलं की सकाळी चौघांना चारही नग उघडावे लागतात आणि ऑर्गनायझरचा हेतूच जातो.

एक गोष्ट मात्र सगळ्यांची सामाईक: रात्रीची पिशवी. अमृतसर, मंडी आणि चंदीगड ही एका रात्रीची ठिकाणं, तिथे मोठी बॅग खोलीत आली तरी उघडायचीच नाही. एका छोट्या ३० × २० मध्ये चौघांचे रात्रीचे कपडे, दुसऱ्यात उद्याचे आतले कपडे नि मोजे. पातळ पाऊचमध्ये ब्रश, पेस्ट, सासूबाईंची औषधं. हे सगळं डफलमध्ये सर्वांत वर. धर्मशाळेला आणि मनालीला बॅगा उघडल्या की या दोन नगांची भरती करून घ्यायची. पाच मुक्कामांत सगळ्यात जास्त त्रास वाचवते ती हीच पिशवी, महागडा सेट नव्हे.

चार्जरचा पाऊच कायम हातातल्या सामानात. सगळ्या वायरी एकत्र बांधताना पॉवर बँक त्यातच राहते, पाऊच चेक-इनमध्ये जातो आणि मग विमानतळावर बॅग उघडायला बोलावतात. पॉवर बँक चेक-इनमध्ये चालत नाही. २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॅट-अवर होते, १०० वॅट-अवरच्या मर्यादेच्या आत आहे, तेव्हा हातात न्यायला अडचण नाही.

दोडामार्गवळण

इतकं सगळं विकत कशाला? उशीचे १७ × २७ इंची अभ्रे घरात पडलेले असतात. एकात एकाचे कपडे. आपल्या आज्या बोचक्यातच तर नेत होत्या.

वळकटी

मळलेल्या कपड्यांना अभ्रा उत्तमच, सुती असल्यानं हवाही खेळते. स्वच्छ कपड्यांना अडचण आकाराची आहे. अभ्रा भरला की गोल होतो आणि चौकोनी बॅगेत चार गोल गाठोडी ठेवली की कोपरे वाया.

शिवणयंत्र

घरी मशीन असेल तर शिवून घ्या, मापाचे होतात. ३५ × २५ × ८ सेमीच्या नगाचं गणित देतो, बाकी मापं त्यावरून काढता येतील.

तळ ३७ × २७, वरची जाळी ३७ × २७ (मच्छरदाणीचं कापड चालतं), बिजागरीची (चेन नसलेल्या चौथ्या बाजूची) पट्टी ३७ × १०, आणि चेनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ८७ × ५.५ अशा दोन. सगळ्यात १ सेमी शिलाई धरली आहे. चेन तीन बाजूंनी फिरते: २५ + ३५ + २५ म्हणजे ८५ सेमी. तीन नगांना ११० सेमी पन्ह्याचं नायलॉन १ मीटर, जाळी अर्धा मीटर, पाच नंबरची मीटरवर मिळणारी चेन पावणेतीन मीटर आणि सहा रनर. सुई १४ नंबर, दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा दमट हवेत कुजतो.

आधी चेन दोन पट्ट्यांमध्ये बसवा, मग तिची टोकं बिजागरीच्या पट्टीला जोडून कडं तयार करा. या कड्याला एकीकडे तळ, दुसरीकडे जाळी. दोन ठिकाणी हमखास चुकतं. पहिलं, शेवटची शिलाई मारण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवली नाही तर नग उलटवायला वाटच राहत नाही, उसवावं लागतं. दुसरं, कोपरे गोल कापले की परीघ घटतो. ३ सेमी त्रिज्येचे चारही कोपरे केले तर जवळजवळ ५ सेमी कमी होतात. कडं जुन्या मापाचं राहिलं तर झोळ येतो, तेव्हा चेनच्या पट्ट्या आणि चेन तेवढी कमी कापा. नायलॉनच्या कडा मेणबत्तीच्या आचेवरून झरकन फिरवा, धागे निघत नाहीत. ज्योतीत धरू नका.

खांडेपारकाठ

डफलसाठी दोन शिवूनच बघते. समजा, गाडीच्या डिकीत कडक ट्रॉली मावल्या नाहीत तर? आणि विमान सोडून रेल्वेनं गेलो तर हे सगळं बदलेल का?

रापण

दोन ट्रॉली आडव्या, एकीवर एक, आणि उरलेल्या फटीत डफल. म्हणूनच मऊ सामान डफलमध्ये हवं.

मडगावहून चंदीगडला गोवा संपर्क क्रांती जाते. स्लीपर आणि थ्री एसीत माणशी ४० किलो मोफत, म्हणजे वजनाची चिंता मिटते. तिथे बर्थखाली सरकवायला कापडी बॅग सोयीची, आणि रात्रीची पिशवी तर हवीच.

आंबोशी

शेवटच्या दिवशीच्या ओल्या मोज्यांबद्दल कुणी बोललं नाही. मनालीत कपडे वाळत नाहीत. ओले मोजे नगात कोंबून चंदीगड, दिल्ली, मोपा असा दोन दिवसांचा प्रवास झाला की घरी पोचेपर्यंत कुबट वास येतो. टॉवेलात गुंडाळून पिळा, जाळीच्या नगात एकटेच ठेवा, चंदीगडच्या खोलीत बाहेर काढून टांगा.

परतल्यावर रिकामे नग धुऊन सावलीत वाळवा, चेन उघडी ठेवून. ट्रॉलीत बंद करून माळ्यावर टाकले की जूनमध्ये त्यावर पांढरी बुरशी दिसते. ज्या नगांना आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) चकचकीत लेप असतो तो दमट हवेत आधी चिकट होतो, मग पापुद्र्यासारखा सुटून कपड्यांना लागतो. तो धुण्यानं जात नाही, बाष्पानं लेपच मोडलेला असतो. घेताना आतली बाजू बोटानं घासून बघा. गोव्यात राहायचं तर लेप नसलेलं कापड आणि वर जाळी, हेच बरं. सुती पिशवीत घालून कपाटात खुंटीला टांगा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या.

खांडेपारकाठ

देव बरें करूं सगळ्यांचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चेन आणि जाळी बघते. शिवणयंत्रदादा, एका नगाला दोन रनर कशासाठी?

शिवणयंत्र

समोरासमोर तोंड करून घाला. मधोमध हवं तेवढंच उघडून हात घालता येतो, आणि एक रनर बिघडला तर दुसऱ्यावर काम चालतं.