मदत हवी आहे : जिल्हा परिषदेच्या उमेदवाराने सरकारी दवाखान्याबद्दल नेमका काय शब्द द्यावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या वहिनी जिल्हा परिषदेला उभ्या राहत आहेत. रायगड जिल्हा, डोंगराकडचा गट, जागा महिला राखीव. घरात आजवर कोणी राजकारणात नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून आम्ही प्रशासकाचाच कारभार बघितला, त्यामुळे सदस्याच्या हातात खरं काय असतं हे सांगणारंही जवळपास कोणी नाही. पत्रक छापायला टाकायचंय, म्हणून इथे विचारतोय.

वहिनींनी एकच मुद्दा धरलाय : आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र. गेल्या भातकापणीत भारे उचलताना माझ्या चुलतभावाला फुरसं चावलं. तिन्हीसांजेची वेळ. बाइकवर मध्ये बसवून केंद्रात नेला. डॉक्टरांचं एक पद रिकामं, दुसरे डॉक्टर अलिबागला मीटिंगला गेलेले. विषावरचं इंजेक्शन फ्रीजमध्ये होतं, सिस्टरांनी काढून दाखवलंसुद्धा. पण "रिअ‍ॅक्शन आली तर मी एकटी काय करू?" म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. केंद्राची गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी, चालकाचं कंत्राट संपलेलं. १०८ यायला पाऊण तास लागला. तोवर त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं आणि वहिनी पदराने त्याचं तोंड पुसत होत्या. तो वाचला. पण त्या पाऊण तासामुळेच वहिनी आज उभ्या आहेत.

आता कार्यकर्ते म्हणतात, "ताई, पाच लाखांच्या मोफत उपचाराचं लिहा, महाआरोग्य शिबिर घ्या, चष्मे वाटा." हे पाच लाख महात्मा फुले योजनेतले, आणि ती योजना राज्य सरकारची. ठरलेल्या आजारांसाठी, योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर तिचा उपयोग. संध्याकाळी सात वाजता फुरसं चावलेल्या माणसाला आमच्या केंद्रात त्या योजनेचं कार्ड काय कामाचं? वहिनी म्हणतात, जे माझ्या हातात नाही ते मी लिहिणार नाही.

आणि केंद्र लहान म्हणून काही होत नाही हेही आम्हाला पटत नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचाराचं काम महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच सुरू केलं. आमच्याच जिल्ह्यातली गोष्ट.

तर जाणकारांनी सांगावं : डॉक्टरांचं पद भरणं जिल्हा परिषद सदस्याला जमतं का? नसेल तर काय जमतं? माहिती अधिकारात विचारलं तर ३० दिवस जातील, तेवढा वेळ नाही.

प्रतिसाद

मी आरोग्य सहायक म्हणून निवृत्त झालो, म्हणून लिहितो. कायम डॉक्टरची नेमणूक राज्य शासन करतं. "डॉक्टर आणू" असं छापू नका, अंगाशी येईल. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय मागायचा मोहही टाळा, ते जिल्हा शल्य चिकित्सकांकडे येतं, जिल्हा परिषदेकडे नाही.

पण प्राथमिक केंद्र आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेचीच. एक गोष्ट आधी बघा : डॉक्टरांचं निवासस्थान. मी नोकरी केली त्या तीन केंद्रांपैकी दोन ठिकाणी क्वार्टर गळका होता, संडासाला दार नव्हतं. डॉक्टर बायकापोरं घेऊन तिथे राहणार कसा? तो तालुक्याला खोली घेतो आणि रात्री केंद्र सिस्टरवर पडतं. दुरुस्ती जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडून होते, तिथे सदस्याचा पाठपुरावा चालतो. दुसरं, रुग्ण कल्याण समिती, म्हणजे केंद्राच्या कारभारावर आणि खर्चावर लक्ष ठेवणारी समिती. तिच्या सभा कागदावर होतात की खरोखर, हे इतिवृत्ताची वही मागितली की कळतं. निवडून आल्यावर वहिनींनी त्या सभेला दर महिन्याला बसावं. आणि कृपा करून भाषणात सिस्टरांवर घसरू नका. रात्री दार उघडायला त्याच असतात.

धागाकर्ता

काका, मनापासून आभार. आज सकाळी वहिनींना घेऊन क्वार्टर बघून आलो. आतल्या खोलीत छताला ओल, पलंगावर औषधांची रिकामी खोकी, मागच्या दाराला कुलूप गंजलेलं. सिस्टर म्हणाल्या, चार पावसाळे कोणी राहिलेलं नाही. वहिनींनी तिथेच उभं राहून पत्रकाच्या दोन ओळी सांगितल्या : "डॉक्टरांचं घर राहण्याजोगं करून घेईन. समितीची सभा दर महिन्याला होईल आणि हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल."

तिसरी ओळ गाडीची हवी आहे. केंद्राच्या गाडीच्या चालकाचं कंत्राट कोणाच्या सहीने होतं, तालुक्याला की जिल्ह्याला? तेवढं कोणी सांगितलं तर आज रात्रीच मजकूर छापखान्यात देतो.