'पदच्युत' कोणी केले? शब्द हवा आहे

कृष्णाकाठ (सांगली)
आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी ट्युनिशियावरील एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करीत असून एकाच परिच्छेदात दोनदा अडलो आहे. 7 नोव्हेंबर 1987 रोजी पंतप्रधान बेन अली यांनी, वृद्ध अध्यक्ष बुर्गिबा कारभार पाहण्यास असमर्थ असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पुढे करून, त्यांना दूर केले व स्वतः अध्यक्ष झाले. त्यानंतर 23 वर्षांनी, 17 डिसेंबर 2010 रोजी, सिदी बूझिद येथे मोहम्मद बुअझिझी या भाजीविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतले, लोक रस्त्यावर उतरले आणि 14 जानेवारी 2011 रोजी हेच बेन अली विमानाने सौदी अरेबियात पळाले. मी दोघांनाही 'पदच्युत' केले होते. मुद्रिते तपासणाऱ्या ज्येष्ठ बाईंनी दुसऱ्या 'पदच्युत'भोवती लाल शाईने गोल काढून समासात एवढेच लिहिले: "कोणी केले?" शिवाय तेथून कैरोपर्यंत पोचलेली 'अश्शाब युरीद इस्कात अन्निझाम' ही घोषणा मी 'निजाम पाडा' अशी उतरवली, तर घरात हशा पिकला. दोन्ही ठिकाणी शब्द सुचवावेत.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)
बाईंचा प्रश्न रास्त आहे. सातारकराच्या कानावर 'पदच्युत' पडले की त्याला प्रतापसिंह महाराज आठवतात. 1839 मध्ये कंपनी सरकारने त्यांना गादीवरून काढून काशीस पाठवले आणि त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिले. रयतेला कोणी विचारले नव्हते. हुकूम वरून आला होता. माझे आजोबा 'च्युत' म्हणजे देठातून गळलेले फळ असे समजावून सांगत आणि वर विचारत, "झाड कोणी हलवले, हे या शब्दात कोठे आहे?" तेव्हा बुर्गिबांना 'पदच्युत' चपखल बसतो, कारण त्यांनाही वरच्या वर्तुळातच, कागदाच्या आधाराने काढले गेले. बेन अलींसाठी 'पायउतार' घ्यावा. तो वर्तमानपत्रांनी रुळवलेला आहे.

मायमराठी
'पायउतार' मुळीच चालणार नाही. घोड्यावरून मनुष्य आपल्या पायांनी, आपल्या मर्जीने उतरतो. 11 फेब्रुवारी 2011 रोजी इजिप्तचे उपाध्यक्ष उमर सुलेमान यांनी दूरचित्रवाणीवरून जो मजकूर वाचला, त्यात मुबारक यांनी अध्यक्षपद सोडण्याचा निर्णय घेतल्याचे जाहीर झाले. ही झाली 'पायउतार'ची भाषा. तख्तावरच्यांना ती नेहमीच सोयीची असते. तहरीर चौकातले लोक मात्र 'इर्हल', म्हणजे 'निघून जा', असे ओरडत होते. माझ्या मते 'उलथवणे' हाच शब्द योग्य आहे, आणि त्या परकीय 'निझाम'च्या जागी 'राजवट' लिहावे.

मार्केट यार्ड
परकीय शब्दांवर आक्षेप घेताना आपण स्वतः 'मर्जी', 'मजकूर', 'जाहीर' आणि 'तख्त' वापरले आहेत, एवढेच नम्रपणे निदर्शनास आणतो. 'इन्किलाब' या अरबी शब्दाच्या मुळाशीही उलथणेच आहे, म्हणजे आपण सुचवलेला शब्द त्याचा सख्खा भाऊ निघाला.

'पाडणे'वर लोक का हसले, हे मी सांगतो. आपल्या भागात 'त्याला पाडला' म्हटले की निवडणूक समजली जाते आणि 'सरकार पाडले' म्हटले की आमदार फुटले असे समजले जाते. चौकात जमलेला माणूस त्यात येतच नाही. सरळ 'जनतेच्या उठावामुळे बेन अली यांना पळावे लागले' असे लिहिण्यास हरकत नसावी. मात्र आमच्या धंद्यात 'राजापुरीला आज उठाव आहे' म्हणजे हळदीला चांगले गिऱ्हाईक आहे. ज्या विक्रेत्याचा वजनकाटा पालिकेच्या माणसांनी काढून घेतला, त्याच्यापासून सुरू झालेल्या गोष्टीला 'उठाव' म्हणताना मला प्रत्येक वेळी अडत्याची हाळी ऐकू येते.

एक शिक्षिका (तासगाव)
काका, आमच्या शाळेच्या इतिवृत्तात तर 'शैक्षणिक उठाव' असे सदर असते आणि त्याखाली ग्रामस्थांनी दिलेला पंखा, फळा आणि दोन सतरंज्या यांची नोंद होते. पहिल्या नेमणुकीच्या वेळी मुख्याध्यापकांनी "या महिन्यात उठाव करायचा आहे" असे सांगितले, तेव्हा मी पुण्याहून नुकतीच आलेली असल्याने चांगलीच दचकले होते.

मूळ प्रश्नाविषयी: 14 जानेवारीला ट्युनिसच्या रस्त्यावर फ्रेंचमध्ये 'देगाज' असा घोष चालला होता. त्याला 'चालता हो' शोभेल. एकेरीच हवा, बेन अलींना 'आपण निघावे' कोणी म्हणत नव्हते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी (सातारा)
ताई, मग 'चले जाव' का नको? 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला व गोळीबार झाला. त्या पिढीची माणसे हिंदी शिकलेली नव्हती, तरी हे दोन शब्द आमच्या घरात मराठी म्हणूनच वावरले. 'प्रति सरकार'चे 'पत्री सरकार'ही याच जिल्ह्यात झाले (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता), आणि काहींच्या मते ते 'प्रति'च्या अपभ्रंशाने, तर काहींच्या मते गुन्हेगाराच्या पायांना पत्री मारत म्हणून.

मायमराठी
परक्या सत्तेला 'चले जाव' म्हणणे आणि आपल्याच अध्यक्षाला हाकलणे यांत भेद राखला पाहिजे.

कृष्णाकाठ (सांगली)
सर्वांचा आभारी आहे. अरबी जाणणाऱ्या एका स्नेह्यांशी बोललो. 'इस्कात' हे 'पडणे'चे नव्हे, तर 'पाडणे'चेच रूप आहे, आणि 'निझाम' म्हणजे व्यवस्था. हैदराबादच्या 'निजाम-उल-मुल्क'मध्ये तोच शब्द 'मुलखाची व्यवस्था लावणारा' या अर्थाने आला. वाक्याचा कर्ता 'शाब', म्हणजे लोक, हा अगदी आरंभी येतो. बाईंनी समासात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर घोषणेतच होते, आणि ते मीच 'निजाम पाडा' अशा आज्ञार्थात गमावले. सध्या 'लोकांना ही राजवट पाडायची आहे' असे केले आहे. परंतु हे हजारोंनी एका सुरात ओरडून पाहावे, चार पावलांतच दम लागेल. अंक सोमवारी छापखान्यात जाणार असून बेन अलींच्या क्रियापदाची जागा अद्याप रिकामी आहे.

मार्केट यार्ड
'उचलबांगडी' घ्या. चौघांनी हातापायांना धरून उचलून नेणे हा त्याचा मूळ अर्थ आहे आणि त्यात उचलणारे दिसतात.

मायमराठी
उचलबांगडी तहसीलदाराची होते.

एक शिक्षिका (तासगाव)
काका, 'कचरा उठाव' हा आपल्याकडचा शब्द पुण्यात कोणाला समजत नाही, असा माझा अनुभव आहे. हळदीचा उठाव आणि कचऱ्याचा उठाव हे एकाच 'उठवणे'पासून आले असावेत की 'उठणे'पासून?