गोरोंगोरोतून मसाईंना हलवणं योग्य आहे का?

भटकभवानी: १९५९ साली टांझानियातलं सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान गुरं पाळणाऱ्या मसाई लोकांकडून रिकामं करून घेतलं, तेव्हा शब्द दिला होता की शेजारच्या गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रात राहा, गुरं चारा. १९७४ मध्ये तिथल्या ज्वालामुखीच्या विवरातली वस्ती उठवली. पुढच्याच वर्षी शेतीवर बंदी. आणि २०२२ पासून सरकार त्यांना सुमारे सहाशे किलोमीटरवरच्या म्सोमेराला पाठवतंय, म्हणे स्वेच्छेने! दवाखान्यांचा पैसा आटवला असं तिथले लोक सांगतात. मग कोण राहणार?

गणिती: राग समजला, पण आकडे बघा की. १९५९ साली गोरोंगोरोत आठेक हजार माणसं होती, आता लाखाच्या घरात. जमीन तेवढीच. गुरं, शेळ्यामेंढ्या वेगळ्याच. पाणी आणि गवत कुठून आणायचं?

भटकभवानी: गवताचंच सांगते. फेब्रुवारीच्या सुमाराला दक्षिणेकडच्या आखूड गवतात विल्डबीस्ट, म्हणजे कळपाने फिरणारी मोठी हरणं, वितात, दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं. वर्षातलं सगळ्यात कसदार गवत तेव्हाच असतं. आणि नेमकं तेव्हा मसाई गुरं उंचावर घेऊन जातात, कारण त्या पिल्लांच्या नाकाडोळ्यांतल्या पाण्यातून गाईंना जीवघेणा ताप लागतो. पिल्लं तीन-चार महिन्यांची झाली की धोका ओसरतो, मग ते खाली उतरतात. तोवर चरून उरलेलं गवत गुरांच्या वाट्याला. याला अतिक्रमण म्हणायचं?

गणिती: तापाचं माहीत नव्हतं, मान्य. पण मग ते भीतीने कुरण सोडतात, निसर्गप्रेमाने नव्हे. उद्या लस आली की?

जुनाखोड: हा प्रश्न चोख आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण मुळात 'अस्पर्श रान' हे चित्र आलं कुठून? १८९०च्या दशकात बुळकांडी या गुरांच्या साथीने मसाईंची बहुतेक गुरं मेली, पाठोपाठ उपासमार आणि देवीची साथ. त्यानंतर आलेल्या गोऱ्या लोकांना माळ ओसाड दिसला आणि तेच त्याचं मूळ रूप समजलं गेलं.

चौथाकोन: तुम्ही सगळेच मसाईंना काचेच्या कपाटात ठेवताय. तिथे पक्कं घर बांधायला निर्बंध, नांगर धरायला बंदी. म्सोमेरात तीन खोल्यांचं घर आणि शेतजमीन मिळते म्हणून काही कुटुंबं खरंच खुशीने गेलीत. त्यांनी कायम लाल शुका, म्हणजे त्यांचं पारंपरिक वस्त्र, पांघरून भाला घेऊन उभं राहावं, ही आपली फोटोची हौस.

भटकभवानी: जाणाऱ्यांना कोण अडवतंय? पण म्सोमेरा काही मोकळं नव्हतं, तिथे आधीपासून लोक राहत होते. आणि मघापासून गवताचा हिशोब चाललाय, तर विवराच्या कडेवरच्या पर्यटकांच्या लॉजचं पाणीही धरा की त्यात.

गणिती: लॉजही काढा, माझी हरकत नाही. फक्त मग पर्यटकांच्या पैशाशिवाय वनरक्षकांचे पगार कुठून द्यायचे तेही सांगा.